कोणती सर्व्हिस बंद करून बघावी?

परवा भाच्याचा फोन आला. तो पुण्यात नोकरीला आहे, लिनक्सची मशीनं सांभाळतो. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पिंप्राळ्यात पाऊस किती, आजीचा गुडघा कसा आहे, वगैरे. मग हळूच मुद्द्यावर आला.

"मामा, पन्नास रिमोट मशीनवर एक स्क्रिप्ट टेस्ट करायची आहे. सर्व्हिस थांबवायची, परत सुरू करायची, आणि स्टेटस बघायचा. कोणती सर्व्हिस घेऊ म्हणजे काही बिघडणार नाही?"

प्रश्न साधा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी मला कोणी विचारला असता तर मी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं असतं, "क्रॉन घे, बिनधास्त!" या वेळी मात्र मी म्हणालो, "थांब, मी तुला लिहून पाठवतो." लिहायला बसलो तर ते एवढं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं. इथे येणाऱ्यांपैकी निम्मे कॉम्प्युटरवाले आहेत आणि निम्मे काका-मावशी. दोघांनाही पुरेल असं लिहायचा प्रयत्न करतो.

आधी काका-मावशींसाठी. लिनक्सच्या मशीनवर पडद्यामागे काही प्रोग्रॅम सतत चालू असतात, त्यांना सर्व्हिस म्हणायचं. एक जण घड्याळ जुळवत बसतो, एक जण नोंदी लिहितो, एक जण ठरल्या वेळी ठरलेली कामं करतो, आणि एक जण दारात उभा राहून बाहेरून येणाऱ्याला आत घेतो. घरातल्या माणसांसारखंच. कोण किती काम करतं ते तो आजारी पडल्याशिवाय कळत नाही. :)

रिमोट मशीन म्हणजे जे आपल्यासमोर नाही ते. मी पिंप्राळ्यात आणि मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. त्याचं बटण दाबायला मी जाऊ शकत नाही. माझ्या हातात आहे फक्त एक तार, आणि तीसुद्धा न दिसणारी.

आता एकेक उमेदवार बघू.

पहिला, एसएसएच. हाच तो दारातला माणूस. तातू युलेनन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हे बनवलं आणि आज जगातली बहुतेक लिनक्स मशीनं याच दारातून सांभाळली जातात. याला थांबवून बघणं म्हणजे बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड चालवणं. जाणकार म्हणतील, अहो, एसएसएच रिस्टार्ट केलं तरी आधीपासून चालू असलेलं सेशन तुटत नाही. साधारणपणे खरं आहे ते. सिस्टिमडीच्या फाईलमध्ये तशी सोयच केलेली असते. पण कॉन्फिगमध्ये एखादी चूक असेल तर सर्व्हिस परत उठत नाही, आणि हातातलं सेशन संपलं की दार बंद. "एसएसएचडी मायनस टी" अशी आज्ञा दिली की कॉन्फिग बरोबर आहे का ते आधी तपासून मिळतं, पण घाईत कोण तपासतं? नेटवर्क आणि फायरवॉल यांचंही हेच. जे आपल्याला आत आणतं त्याला टेस्टसाठी हात लावू नये.

हे काही नवशिक्यांपुरतं नाही बरं का. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहा तासांहून जास्त वेळ बंद होतं, आठवतंय? आपले सगळे फॅमिली ग्रुप गप्प झाले होते. त्यांनी नंतर सांगितलं की देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे त्यांचं अंतर्गत नेटवर्कच तुटलं. अशी चुकीची आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी होती, पण तिच्यातच बग होता. आणि दुरुस्तीला जायचं तर रस्ता त्याच नेटवर्कवरून! शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावं लागलं. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपण कोण?

दुसरा उमेदवार, छपाईची कप्स किंवा ब्लूटूथ. सर्व्हरला प्रिंटर कोण जोडतो? म्हणून बंद केलं तर कोणाचं काही जात नाही. पण बहुतेक सर्व्हरवर ही सर्व्हिस मुळात नसतेच. मग टेस्ट फेल होते, आणि ती स्क्रिप्ट चुकल्यामुळे झाली की सर्व्हिस नसल्यामुळे, हे शोधण्यात दुपार जाते.

तिसरा, नोंदी लिहिणारा आरसिसलॉग. हा थोडा वेळ थांबला तर आभाळ कोसळत नाही. पण गंमत अशी की टेस्ट करताना काही बिघडलं तर कारण शोधायला आपण नोंदीच बघणार, आणि नेमका लिहिणारा आपणच घरी पाठवलेला! सिस्टिमडीचं जर्नल बाजूला चालू असतं हे खरं, पण काही मशीनवर ते फक्त मेमरीत असतं, रीबूट झालं की गेलं. नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर गोळा होत असतील तर तिथे खड्डा पडतो तो वेगळाच.

चौथा, घड्याळ जुळवणारा क्रोनी. हा मला बऱ्यापैकी पसंत आहे. साधं क्वार्ट्झचं घड्याळ दिवसाला फार तर एक-दोन सेकंद इकडे तिकडे होतं, त्यामुळे पाच मिनिटं क्रोनी बंद राहिला तर कोणाला पत्ता लागत नाही. पण पत्ता लागत नाही हाच त्याचा दोषही आहे. परत सुरू करायला विसरलात तर घड्याळ महिनोन् महिने हळूहळू सरकत राहणार. केर्बेरोस नावाची लॉगिनची पद्धत साधारण ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, त्यापुढे दार उघडत नाही. आणि त्या दिवशी कोणाला आठवणार की आपण काही महिन्यांपूर्वी एक टेस्ट केली होती?

आणि पाचवा, आपला क्रॉन. सत्तरच्या दशकातल्या युनिक्सपासून हा आहे. ठरल्या वेळी ठरलेलं काम करायचं, बाकी वेळ गप्प बसायचं. दिवसातल्या बहुतेक मिनिटांना त्याला काहीच काम नसतं. म्हणून सगळे सांगतात, क्रॉन थांबवा, क्रॉन सुरू करा, कोणाचं काही बिघडत नाही. मीही सांगायचो.

आता माझी गोष्ट.

तेव्हा मी दोन-चार ठिकाणची मशीनं घरी बसून सांभाळायचो. त्यात एक पॅथॉलॉजी लॅब होती. नाव-गाव राहू द्या, चूक माझी होती. त्यांच्या मशीनवर रोज रात्री अडीच वाजता सगळ्या रिपोर्टचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर व्हायचा. हे काम अर्थातच क्रॉनकडे.

मी एक नवीन स्क्रिप्ट लिहिली होती. माझ्या लॅपटॉपवरून प्रत्येक मशीनवर जायचं, सर्व्हिस थांबवायची, थांबली का बघायचं, सुरू करायची, सुरू झाली का बघायचं. वेळ निवडली रात्री अकराची, कारण तेव्हा कोणाला त्रास नाही. सर्व्हिस निवडली क्रॉन, कारण तेव्हा तिला काही काम नाही. किती विचारपूर्वक निवड!

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. स्क्रिप्ट सुरू केली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच मरायला टेकलेली, तिने एकदा पीक् केलं आणि राउटर बंद. धुळ्याची मावशी आलेली होती, ती गच्चीवरून ओरडली, "काय व्हयनं रे भाऊ?"

"काही नही मावशी!"

लाईट तासाभराने आली. मी मशीन बघितलं. चालू. लॅबचं पान उघडून बघितलं. उघडतंय. झोपलो.

झालं असं होतं की "थांबव" ही आज्ञा पोचली होती आणि "सुरू कर" ही माझ्या लॅपटॉपमध्येच राहिली होती. मशीन रीबूट झालं असतं तर क्रॉन आपोआप उठला असता. पण चांगलं चालणारं मशीन कोण कशाला रीबूट करेल? क्रॉनची आणखी एक सवय आहे. तो बंद असताना जी कामं चुकली ती तो नंतर भरून काढत नाही. गेलेली वेळ गेली.

अकरा दिवसांनी त्यांची मुख्य डिस्क गेली. बॅकअप होताच, मी निर्धास्तपणे उघडला, आणि वरची तारीख बघून पोटात गोळा आला. अकरा दिवस जुना.

रिपोर्ट कागदावर होते म्हणून निभावलं. लॅबमध्ये एक वयस्कर गृहस्थ रजिस्टर लिहायचे. अकरा दिवसांची रजिस्टरं काढून आम्ही दोघांनी चार रात्री बसून सगळं परत भरलं. ते वाचायचे, मी टाईप करायचो. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन. एकेक आकडा दोनदा वाचून, कारण तो कोणाच्या तरी औषधाचा आकडा होता. एका नावापाशी ते थांबले आणि म्हणाले, "या बाईंचा मुलगा कालच जुना रिपोर्ट मागायला आला होता, मी त्यांना उद्या या म्हटलं." मी मान वर केली नाही.

शेवटच्या रात्री चहा घेताना ते सहज म्हणाले, "साहेब, तुमचं ते मशीन त्याच दिवशी पूर्ण बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. आम्हाला कळलं तरी असतं."

रागावून म्हणाले असते तर मी विसरलो असतो.

तर सांगायचा मुद्दा असा. "सुरक्षित सर्व्हिस" म्हणताना आपण बहुतेक वेळा "जी बंद केली तर कोणी ओरडणार नाही" अशी शोधतो. माझं मत आता उलट आहे. कोणी ओरडणार नाही याचा अर्थ नुकसान होणार नाही असा नाही, नुकसान कळणार नाही असा आहे. ज्या घरात दूध नासलं की लगेच वास येतो ते घर बरं. सर्व्हिस निवडताना मी आता तीन गोष्टी बघतो. ती बंद पडली तर माझा परतीचा रस्ता बंद होतो का? ती बंदच राहिली तर कोणाला आणि कधी कळेल? आणि ती कोणाची आहे, म्हणजे तिच्या भरवशावर कोण बसलंय? क्रॉन पहिल्या प्रश्नात पास होतो आणि पुढच्या दोन्हींत नापास.

मग भाच्याने काय वापरावं? माझं उत्तर: या पाचांपैकी कोणीच नाही. आपली स्वतःची एक सर्व्हिस बनवावी.

सिस्टिमडी आल्यापासून हे पाच ओळींचं काम आहे. एक छोटी फाईल, तिच्यात सांगायचं की "स्लीप इन्फिनिटी" चालव, म्हणजे अनंतकाळ झोपून राहा. बस्स. ही सर्व्हिस काहीही करत नाही. तिच्यावर कोणी अवलंबून नाही. ती बंद राहिली तर जगात कोणाचं काही जात नाही, आणि ती सगळ्या पन्नास मशीनवर एकाच नावाने असते. नाहीतर नावांचा घोळ असतोच. रेडहॅटच्या घराण्यात क्रॉनडी, डेबियन-उबुंटूत नुसता क्रॉन. इथे एसएसएचडी, तिथे एसएसएच.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. खोट्या सर्व्हिसवर केलेल्या टेस्टने काय सिद्ध होतं? मातीच्या बैलाने नांगरता येतं का?

मी म्हणतो, टेस्ट कशाची चालली आहे ते बघा. आपण क्रॉनची टेस्ट करत नाही, तो बिचारा कधीपासून चालतोच आहे. आपण आपल्या स्क्रिप्टची टेस्ट करतोय. ती मशीनपर्यंत पोचते का, तिला अधिकार मिळतो का, दोनदा चालवली तर गोंधळ घालते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही बिघडलं तर ती खरं सांगते का? शेवटच्या प्रश्नासाठी सर्व्हिस मुद्दाम बिघडवावी लागते. खरी सर्व्हिस कोण बिघडवू देईल? खोटी मात्र हवी तशी बिघडवता येते. "स्लीप" च्या जागी "फॉल्स" लिहायचं, म्हणजे सुरू होताक्षणी ती मरते.

इथे एक खाचखळगा आहे जो मला फार उशिरा कळला. सिस्टिमडीत साध्या प्रकारची सर्व्हिस असेल तर "सुरू कर" या आज्ञेला "झालं" असं उत्तर येतं, ती पुढच्याच क्षणी मेली तरी. कारण त्याच्या लेखी प्रोसेस जन्माला आली की काम संपलं. म्हणून नुसत्या त्या उत्तरावर विश्वास न ठेवता दोन-चार सेकंद थांबून "जिवंत आहेस का?" असं वेगळं विचारावं लागतं. क्रॉनवर शंभर वेळा टेस्ट केली तरी हे कधी कळणार नाही, कारण क्रॉन मरतच नाही.

अर्थात कधीतरी खऱ्या सर्व्हिसला हात लावावाच लागतो. मातीच्या बैलावर पेरणी होत नाही हे मलाही मान्य. तेव्हासाठी मला आमच्याकडचा रथ आठवतो.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो आणि कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा. बाहेरच्या लोकांना ओढणारे दिसतात. पण रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. तो थांबतो आणि वळतो तो चाकाखाली लाकडी मोगरी लावणाऱ्यांच्या जिवावर. लहानपणी मला वाटायचं ओढणारे शूर. आता वाटतं, एवढा मोठा रथ अंगावर येत असताना नेमक्या क्षणी वाकून मोगरी सरकवणारा खरा. मोगरीवाले तयार असल्याशिवाय रथ हलवायचा नाही.

सर्व्हिस थांबवण्याआधी मोगरी लावा. म्हणजे काय, तर त्या मशीनवरच आधी सांगून ठेवायचं, की १० मिनिटांनी ही सर्व्हिस आपोआप सुरू कर. "सिस्टिमडी-रन" ला वेळ दिली की हे एका ओळीत होतं. मग थांबवायचं. सगळं नीट झालं तर मोगरी काढून घ्यायची. आणि मधेच लाईट गेली, नेट गेलं, मावशीने हाक मारली, तरी दहा मिनिटांनी मशीन स्वतःच सावरतं. महत्त्वाचं हे की मोगरी चाकापाशी हवी, म्हणजे त्या मशीनवर, पिंप्राळ्यातल्या लॅपटॉपवर नव्हे. माझ्या त्या रात्री एवढी एक ओळ असती तर चार रात्री वाचल्या असत्या. ही कल्पना माझी नाही. उबुंटूत "नेटप्लॅन ट्राय" म्हणून आज्ञा आहे, ती नेटवर्कचा बदल करून १२० सेकंद वाट बघते, तुम्ही होकार दिला नाही तर जुनं परत आणते. नेटवर्कवाली मंडळी राउटरवर "दहा मिनिटांनी रीबूट हो" असं सांगून मगच कामाला हात घालतात. शहाणपण जुनंच आहे, आपण वापरत नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, आधी एकाच मशीनवर करा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातली विंडोजची मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एकदम सगळीकडे पाठवलं की चूकही एकदम सगळीकडे पोचते.

दोन, रात्री करू नका. हे ऐकून जुने लोक हसतील. पण रात्री मशीनं रिकामी नसतात, बॅकअप, साफसफाई सगळं तेव्हाच चालतं. आणि रात्री विचारायला माणूस नसतो. मी आता सकाळी अकराला, चहा झाल्यावर, ज्याचं मशीन आहे त्याला फोन करून, त्याच्या परवानगीने करतो. काही बिघडलं तर तो लगेच ओरडतो. ओरडला पाहिजेच.

असो. हे सगळं भाच्याला पाठवलं. त्याने बनवली सर्व्हिस, आणि तिचं नाव ठेवलं "मोगरी". :) आधी झोपणारी टाकली, एका मशीनवर, मग सगळ्यांवर. सगळं हिरवं. मग मी म्हटलं, आता बिघडवून चालव. चालवली. त्याच्या स्क्रिप्टने पन्नासच्या पन्नास मशीनवर परत हिरवं दाखवलं.

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, ही गेल्या महिन्यात लाईव्ह जाणार होती."

आता तो ती दुरुस्त करतोय.

ब्लॉगवाल्या मित्रांनो, तुम्ही अशा वेळी कोणती सर्व्हिस वापरता ते जरूर कळवा. माझं चुकत असेल तर तेही. आणि काका-मावशींनो, तुम्हाला यातलं निम्मं कळलं नसेल तरी हरकत नाही. फक्त आज फोनमधल्या फोटोंचा बॅकअप शेवटचा कोणत्या तारखेला झालाय ते उघडून बघा. "चालू आहे" असं लिहिलेलं बघू नका, तारीख बघा.